उडीची किल्ली

माझ्या नणंदेचा हात मंद आहे, हे मला लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात कळलं. सासऱ्यांनी सांगितलं, नवऱ्याने सांगितलं, आणि ताईंनी स्वतःसुद्धा हसत सांगितलं, "मला काठोकाठ भरलेला पेला देऊ नकोस गं, सांडेन." एकोणीस वर्षं मी हे ऐकतेय. आणि एकोणीस वर्षं बघतेय की ही बाई झेरॉक्सच्या दुकानात मागच्या टेबलावर बसून तांदळाच्या दाण्याएवढ्या स्प्रिंगा चिमट्याने जागच्या जागी बसवते. एक कधी खाली पडलेली बघितली नाही. मंद म्हणे! डोळे फुटलेत का सगळ्यांचे?

तर झालं असं होतं. ताई तेरा वर्षांच्या आणि माझा नवरा अकरा वर्षांचा असताना सासऱ्यांनी घरात कॉम्प्युटर आणला. त्यात एकच गेम. दोन घोडे, लांबच लांब रस्ता, मध्ये खड्डे. दोघांनी एकाच कीबोर्डवर खेळायचं, डावीकडे भाऊ आणि उजवीकडे बहीण. भाऊ रोज जिंकायचा, ताईंचा घोडा रोज खड्ड्यात. ताई म्हणायच्या, "बाबा, मी उडीची किल्ली दाबली होती, घोडा उडालाच नाही." सासरे पेपर खाली न करता म्हणायचे, "नाचता येईना, अंगण वाकडे." दोन वर्षं हे ऐकल्यावर पोरीने सांगणंच सोडून दिलं.

नुसता खेळ असता तर मी एक शब्द बोलले नसते. पण पुढे कॉम्प्युटरच्या कोर्सला परगावी पाठवायची वेळ आली. दोघांपैकी एकालाच पाठवणं जमणार होतं. थोरल्या ताई, मार्कही त्यांचेच जास्त. तरी सासरे म्हणाले, "हिचा हात मशीनवर चालत नाही, रोज बघतोय मी. दोन वर्षं थांबू, धाकट्याला पाठवू." रोज बघतोय म्हणे! पेपरातून? धाकटा गेला, शिकला, आज केबिनमध्ये बसतो. ताईंना साध्या टायपिंगच्या क्लासलाही घातलं नाही. त्या झेरॉक्सच्या दुकानात कागद लावायला लागल्या आणि मालकाचं बघून बघून दुरुस्ती शिकल्या.

गेल्या महिन्यात आमची मुलगी बापाला म्हणाली, "एवढ्या बढाया मारता, दाखवा तरी तो गेम." झालं, साहेबांनी माळ्यावरून कॉम्प्युटर उतरवला. तो चालू झाला हेच नवल, पण कीबोर्डच्या निम्म्या किल्ल्या मुक्या. मग सुरू झाल्या दुकानांच्या वाऱ्या. पहिला म्हणाला, फेकून द्या. दुसऱ्याने नवा कीबोर्ड गळ्यात मारला, त्याची पिन मागच्या जुन्या गोल भोकात जाईना. तिसऱ्याने मध्ये काहीतरी जोड लावून तो बसवला, तर गेम त्याला ओळखच दाखवेना. काखेत कळसा आणि गावाला वळसा! सख्खी बहीण रोज हेच काम करते, ते या माणसाला तीन दुकानं हिंडल्यावर आठवलं.

कीबोर्ड घेऊन मीच गेले. ताईंनी सगळ्या किल्ल्या काढून ताटात ओळीने मांडल्या, साबणाच्या पाण्यात धुतल्या, आतल्या पातळ प्लास्टिकवरचे ठिपके खोडरबराने हलक्या हाताने पुसले. सगळं वाळल्यावर परत जोडलं आणि आपल्या मशीनला लावलं. दाबलेली किल्ली त्या मशीनपर्यंत पोचली की पडद्यावर तिची चौकट हिरवी होते. एकेक करून सगळ्या हिरव्या झाल्या. मी पिशवी उचलली, तर ताई म्हणाल्या, "थांब. गेम काय एका बोटाने खेळतात? जसा खेळतात तसाच तपासायचा."

त्यांनी डाव्या हाताने पळण्याची आणि चाबकाची अशा दोन किल्ल्या दाबून धरल्या. माझा नवरा अख्खा खेळभर धरून ठेवायचा, तशाच. मग उजव्या हाताने आपली उडी दाबली. चौकट पांढरीच. पुन्हा दाबली. पांढरी. डावा हात उचलला, आणि लगेच हिरवी.

"बिघाड नाहीये हा," ताई म्हणाल्या. "आत कमी तारांत भागवलेलं असतं. ठरावीक दोन किल्ल्या धरल्या की तिसरी एखादी पोचतच नाही. असे कीबोर्ड आठवड्याला दोन येतात माझ्याकडे." मग उडीची किल्ली पुन्हा एकदा दाबून बघितली. "घरच्या कीबोर्डचं कधी डोक्यातच आलं नाही गं. मला वाटलं, माझाच हात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आत्ताच्या आत्ता फोन लावते तुमच्या भावाला!" ताईंनी माझा हात धरला. "नको. रविवारी येते मी."

रविवारी सासरे खुर्चीत, मुलगी पलंगावर, आणि आमचे साहेब बाह्या सरसावून डावीकडे. ताई म्हणाल्या, "आज तू उजवीकडे बस."

"कुठेही बसव, हरणार तूच!"

खेळ सुरू झाला. ताईंनी त्या दोन किल्ल्या धरल्या त्या धरल्याच. साहेबांचा घोडा पहिल्या खड्ड्यात पडला. दुसऱ्यातही पडला. तिसऱ्याला तर यांनी किल्ली बुक्कीने हाणली. पाच मिनिटं, फक्त पाच मिनिटं झाली होती!

"ए, ही किल्ली चालतच नाहीये! ताई, नीट केलाच नाहीस तू कीबोर्ड!"

आणि सासरे? पेपर ठेवला, काठी टेकत उठले, कीबोर्डवर वाकून बघितलं. "खरंच की. दाबतोय तो, पण घोडा उडत नाही. कीबोर्डच खराब आहे."

मला राहवलं नाही. "बाबा, असं कसं? नाचता येईना, अंगण वाकडे, म्हणा ना! लेकीला म्हणत होता की! तिच्यासाठी खुर्चीतून उठला होता का कधी?"

ताईंनी डावा हात उचलला. "आता दाब." घोडा उडाला. त्यांनी परत दोन किल्ल्या धरल्या. "आता दाब." घोडा खड्ड्यात. मुलीने माझ्याकडे बघितलं, मग आजोबांकडे.

सासरे हळूच म्हणाले, "मग तेव्हाच सांगायचं नाही का गं पोरी?"

"सांगत होते, बाबा. दोन वर्षं, रोज."

नवऱ्याचा चेहरा पडला होता. खाली बघत म्हणाला, "ताई, गेममध्ये उडीला दुसरी किल्ली देता येते ना? बदल. परत खेळू. या वेळी तूच जिंकशील."

ताईंनी मागची पिन काढली, वायर गुंडाळली आणि कीबोर्ड सासऱ्यांच्या हातात दिला.

"खेळायचंय कुणाला?" त्या म्हणाल्या. "मला शिकायला जायचं होतं."