हुणसूरहून आणलेली चौकट

वैशाखातला शुक्रवार, सकाळचे साडेसात. येलवालजवळ बांधकाम चाललेल्या आमच्या घरापुढे चौघे हजर होतो: मी, पत्नी, ऐंशी पार केलेली आत्या आणि सुतार. मुख्य दाराच्या चौकटीचा अंदाज सव्वीस हजार रुपये, लाकूड मलेशियाचं. चौकट उभी करायची पूजा पुढच्या शुक्रवारी.

"हे कुठल्या जंगलातलं?" मी विचारलं.

"बोटीतून येतं, सार. तिकडचं जंगल काय संपतंय?"

संपतं. कोडगूत पत्नीच्या माहेराशेजारचा डोंगर माझ्यासमोर संपला. आधी लाकडाच्या लॉऱ्यांसाठी रस्ता झाला आणि मोठी झाडं गेली. रस्ता आयताच मिळाला म्हणून उरलेलं तोडून आल्याचं पीक लावलं. मग एका पावसाळ्यात तो उतार खाली आला, आणि पत्नी लहानपणी ज्या ओढ्यात उन्हाळाभर डुंबायची तो शिवरात्रीलाच आटू लागला. तेच ओढे कावेरीला मिळतात, आणि कावेरी आमच्या नळाला येते. समुद्रापलीकडच्या सदाहरित जंगलांचंही तसंच होतं, एवढं मी वाचलं आहे. तिथे आल्याच्या जागी तेलाचे ताड लावतात. ते लाकूड कुठून तोडलं हे सांगता येत नसेल, तर मला ते दारात नको होतं.

हुणसूरला तंबाखूवाल्या शेतकऱ्याचं घर पाडायला काढलंय, त्याची सागवानी चौकट विकायची आहे, असं सुतारच मागे बोलला होता. मी तिचं नाव काढलं.

"बेडा," आत्या म्हणाली. "नको म्हणजे नको. नव्या घराला कुणाचं उतरवलेलं दार? त्यांचे भोग आपल्या उंबऱ्यावर?"

आमच्यात घरातल्या थोरल्या बाईने कुंकू लावल्याशिवाय चौकट उभी राहत नाही. आत्या अडली म्हणजे सगळं अडलं.

"तुम्ही स्वतः बघा, मग नाही म्हणा," मी म्हटलं आणि तिला गाडीत बसवलं, सुतारालाही बरोबर घेतलं.

हुणसूरच्या त्या घरात तिने म्हाताऱ्या यजमानीणबाईंना समोर बसवून कन्नडात विचारायला सुरुवात केली. इथे कुणी अकाली गेलं? भाऊ भांडून वेगळे झाले? मग पाडता कशाला?

"तीन सुना, सात नातवंडं. मावत नाही आता," त्या म्हणाल्या. "चौकट बघायला आलात की मुलगी?"

"मुलगी असती तर एवढं विचारलं नसतं."

दोघी पदर तोंडाला लावून हसल्या. आत्याने चौकटीवर तळवा फिरवला आणि सुताराला म्हणाली, "सुम्ने, उगाच काय उभा राहिलास? उतरव. खिळ्यांची भोकं नीट भर."

परतताना गाडीत तिने मलाच समजावलं, "नवीन लाकूड वाकतं. हे मुरलेलं आहे. तुला त्यातलं काय कळतं?"

मी मान डोलावली. इतक्या आनंदाने मी कधी अडाणी ठरलो नव्हतो.

शुक्रवारी चौकट उभी राहिली. सुताराने ओळंबा सोडला. दोरी बाजूला चिकटल्यासारखी सरळ उतरली. आत्याने कुंकू लावलं. समोरच्या प्लॉटचा मालक दोनदा येऊन लाकूड ठोकून गेला आणि तिसऱ्यांदा सुताराला, अशी दुसरी कुठे मिळेल, म्हणून विचारू लागला. मी उगाचच दारातून चार वेळा आतबाहेर केलं.

सुताराला मजुरी साडेचार हजार दिली, टेम्पोवाल्याला अठराशे. चौकटीचे एकोणीस हजार यजमानीणबाईंच्या हातात दिले होते. आत्याने घासाघीस केली नाही, उलट निघताना खणानारळाने त्यांची ओटी भरली.