शीलाबाईंच्या खांबावरचा फ्लेक्स

शीलाबाई गेल्याचं मला नागभीडच्या बसमध्ये फोनवर कळलं. रडू नंतर आलं. आधी मनात आलं, आता रेडिओच्या खांबाला कोण काय काय बांधील...

आमचं गावापुरतं छोटं रेडिओ केंद्र. मी माइकवर बोलायची, ट्रान्समीटर आणि अँटेना बाईंकडे. कॉलेजात फिजिक्स शिकवून निवृत्त झालेल्या, तोंडाच्या फटकळ. ट्रान्समीटरचं आणि अँटेनाचं जुळलं पाहिजे, हे त्यांनी मला पहिल्याच दिवशी बजावलं. "इथून पाठवलेलं वरच्यानं घेतलंच नाई, त ते वापस येते. अन् घरच जाळते." वापस येणारं दाखवायला मीटर होता. त्याचा काटा तळाला टेकेपर्यंत बाई अँटेनाची लांबी केसभर कमी, केसभर जास्त करत राहायच्या. चहा निवून जायचा.

आमच्या संस्थेच्या अध्यक्षांना मात्र तो खांब म्हणजे गावातली सगळ्यात उंच फुकटची जागा. एकदा त्यांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लोखंडी चौकटीसकट थेट अँटेनाला खेटून बांधला आणि ट्रान्समीटर जळाला. मोहफुलं वेचायचे दिवस होते. वाघ कुठं दिसला हे आमच्याकडून ऐकूनच बाया जंगलात शिरायच्या. बाई अध्यक्षांच्या दारात जाऊन ओरडल्या, "तुमच्या थोबाडापायी बायाइचा जीव घेता काय?" अध्यक्ष हसले. ते हसणं आठवलं की अजून शिसारी येते.

हेच गृहस्थ शोकसभेत ढसाढसा रडले. किळस आली मला, दुसरा शब्द नाही. बाहेर येऊन पाहते तर खांबावर बाईंचा फोटो, त्याहून मोठा अध्यक्षांचा, आणि तीच लोखंडी चौकट.

दुसऱ्या दिवशी सकाळी खबर आली, वाघ तळ्याच्या पाळीवर आहे. मशीन सुरू केलं. काटा वर चढला आणि मशीन आपोआप बंद पडलं; मागे जळाल्यावर बाईंनीच ती सोय करून ठेवली होती. अध्यक्षांचा माणूस अंगणातच होता. त्याला म्हटलं, फ्लेक्स काढ.

"ताई, बाईचा फोटो हाय त्यावर. काढला त अपमान होते न."

"अपमान त करूनच ठेवला तुमी," म्हणत मी पक्कड घेतली आणि जन्मात पहिल्यांदा त्या शिडीवर चढले. तारा तोडल्या. चौकट दाणकन खाली पडली, केंद्राच्या दारातच. उचलत बसायला वेळ नव्हता. बाईंच्या फोटोवर पाय देऊन मी आत गेले, मशीन लावलं. काटा तळालाच राहिला.

"बायाहो, आज तळ्याकडं जाऊ नोका," मी म्हटलं, आणि पुन्हा म्हटलं.