भोकाच्या पैशांची माळ

"वकिलांच्या घरची पोरगी दिसती. पर तोंडच उघडंना की," खिडकीतला कारकून शेजारच्याला म्हणाला.

मी तोंड उघडत नव्हते, कारण त्यात इंग्रजी भरलेलं होतं. बेळगावच्या वीज कंपनीच्या मॅनेजरसाहेबांपुढे म्हणायचं भाषण आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं. कॉन्व्हेंटात एवढी फी भरली ती कशासाठी, असं त्यांचं म्हणणं. (त्या शाळेत मी 'येस, सिस्टर' आणि 'नो, सिस्टर' यापलीकडे गेले नव्हते. छडी खाल्ली की हात तसाच पुढे ठेवून 'थँक यू, सिस्टर' म्हणायची तिथे रीत होती, तेवढं मात्र मला चांगलं येत असे. हे आप्पांना कुणी सांगितलं नव्हतं. मी तर नाहीच.)

ते लढाईचे दिवस. घासलेट रेशनवर, बाजारातून चिल्लर आणि सुटे रुपयेही गायब. आमच्याकडे विजेचा एकच दिवा आणि सोमवारपासून माझी इंटरची परीक्षा! बिल तीन रुपयांचं. पैसे नव्हते म्हणून ते थकलं नव्हतं, आप्पांना तत्त्वं होती म्हणून थकलं होतं.

आधी त्यांनी चेक पाठवला. तो कोल्हापूरच्या बँकेचा, म्हणून कंपनीने वटणावळ मागितली. मनीऑर्डर केली, तर पोस्टाने कमिशन घेतलंच, वर कंपनीने ती स्वीकारण्याचा खर्च वेगळा सांगितला. घरी माणूस बोलवावा, तर त्याच्या खेपेचे पैसे. पाचाची नोट द्यावी, तर मोड देण्याबद्दल बट्टा!

"माझेच पैसे घ्यायला मी यांना पैसे द्यायचे? कुठल्या कायद्यात बसतं हे?" असं आप्पा आम्हाला विचारत, जेवताना, दाढी करताना, पाहुण्यांना निरोप देताना. कंपनीने उत्तरादाखल नोटीस पाठवली. शनिवारी दुपारपर्यंत बिल भरलं नाही, तर तार तोडणार.

फुकटात बिल भरायचा एकच मार्ग उरला होता: खिडकीवर नेमकी चिल्लर. आणि घरात चिल्लर होती फक्त लक्ष्मीकडे. (देवघरातल्या.) त्या वर्षांत भोकाचे तांब्याचे पैसे निघाले होते. आप्पांची थोरली बहीण, आमची आक्का, ते दोऱ्यात ओवून लक्ष्मीला माळ करत असे.

"देवीच्या गळ्यातलं काढून दिव्याला घालतोस व्हय रे?" आक्काने विचारलं.

"उसनं घेतोय, आक्का."

"मग देवीला व्याज दे की."

आप्पांनी मान डोलावली. (हे मात्र कुठल्या कायद्यात बसतं, ते त्यांनी विचारलं नाही.) मग त्यांनी माळेत बरोबर तीन रुपयांचे पैसे ठेवले आणि उरलेले काढून घेतले. आपल्याजवळ एक पैसा जरी जास्त दिसला, तरी ते लोक तो मागतील, असा त्यांचा हिशेब. त्याच हिशेबाने टांग्यालाही पैसे मिळाले नाहीत. शनिवारी सकाळी आप्पा कोर्टात गेले आणि मी माळ पदराखाली घेऊन चालत कंपनीत.

मॅनेजरसाहेब लोंढ्याला गेलेले. त्यामुळे भाषण तोंडात आणि माळ हातात, अशी मी खिडकीपुढे उभी. शेवटी मी माळच आत सरकवली. कारकुनाने ती उजेडात धरून न्याहाळली, कात्रीने दोरा कापला, सगळे पैसे मोजले आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट केलं. पाटी इतकी नवी होती, की तिचा रंग अजून वाळायचा होता. तांब्याच्या नाण्यांना रुपयामागे एक पैसा मोजणावळ!

"तीन पैसे कमी हाईत, बाई. अर्धंमुर्धं बिल घेत न्हाय आम्ही."

मनातल्या मनात मी त्याला अशा काही इंग्रजीत झाडलं, की त्याने राजीनामाच द्यावा. बाहेर आवाज आला नाही. मागे रांगेत आप्पांचे एक अशील उभे होते. तीन पैसे त्यांनी हसत दिले असते. पण मागायला तोंड लागतं.

कारकून वाईट नव्हता. सुटे पैसे बांधायला त्याने वर्तमानपत्राचा कागद दिला. तो वाटेतच फाटला. मग सगळी लक्ष्मी पदरात घेऊन, खुळखुळ वाजत, मी भर बाजारातून घरी आले.

दारात वायरमन शिडी लावून उभा होता. पदरात बिलाचे तीन रुपये आहेत, परवा परीक्षा आहे, आत धावत जाऊन तीन पैसे आणते, एवढंच त्याला सांगायचं होतं. तेही मराठीत. मी वाक्य जुळवत होते, तेवढ्यात तोच बोलला.

"शिडी जरा धरा, बाई. फरशी निसरडी हाय. मी पडलो, तर त्येचा खर्चबी तुमच्याच बिलात लावतील."

एका हातात पदर धरून दुसऱ्या हाताने मी शिडी धरली. चांगली घट्ट धरली. त्याने वर जाऊन माझी तार तोडली.

खाली येऊन त्याने एक चिठ्ठी काढली. तार तोडल्याचा आकार त्यात लिहिला होता. "परत जोडायचं येगळं पडतंय," तो म्हणाला.

आता मात्र बोलायचंच, असं मी ठरवलं. चिठ्ठी घ्यायला हात पुढे केला. हात पुढे झाला, आणि इतक्या वर्षांच्या फीचं चीज होऊन, आयुष्यात पहिल्यांदा मी परक्या पुरुषाशी खणखणीत, शुद्ध इंग्रजीत बोलले.

"थँक यू, सिस्टर."