स्वेटर काढून केलेलं वजन

आदरणीय शकुंतलाताई ढगे यांनी पहिल्याच भेटीत माझी चोरी पकडली. देवळीजवळच्या आमच्या गावात मी नवीन अंगणवाडी सेविका होते, ताई आमच्या पर्यवेक्षिका. त्या दिवशी त्या मुलांची वजनं तपासायला येणार होत्या. वर्षभराची सविता फारच हलकी होती. तिचं वजन कमी दिसलं तर नोकरी जाईल, या भीतीनं मी तिला स्वेटर, टोपी आणि आजीचे चांदीचे वाळे चढवून काट्याच्या झोळीत बसवलं. महिना वैशाख होता.

ताईंनी आधी काटा पाहिला, मग घामेजलेली सविता. "काऊन वो, पोरीले थंडी वाजून राह्यली का?"

मला रडूच कोसळलं. "ताई, आता मले कामावरून काढता का?"

"नाई. आधी स्वेटर उतरव अन् खरं वजन लिहिजो. पोरगी कमजोर हाय हे आपणच लपवलं, तं तिले पाहीन कोण?"

त्याच दिवशी ताईंनी सविताला दवाखान्यात नेलं. पुढे पावसाळाभर त्या दर गुरुवारी एसटीनं येत, फाट्यापासून चिखल तुडवत सविताच्या घरी जात आणि तिच्या आईशेजारी चुलीपुढे बसून मऊ खिचडी करायला शिकवत. दिवाळीच्या सुमारास सविता आपल्या पायांनी अंगणवाडीत आली. मी वेड्यासारखी नाचले.

आमच्या खात्याचा इतिहास लिहायचा तर ताईंच्या चपलांनाच विचारावं लागेल. अंगणवाडी तेव्हा मारुतीच्या पारावर भरे, काटा कडुनिंबाला टांगलेला. खोली फार पुढे मिळाली. कामात आधी बाळं होती, मग त्यांच्या आया आल्या, मग किशोरवयीन मुली. दरवेळी योजनेची पाटी नवी, रजिस्टरं नवी. आमची कुरकुर तेवढी जुनी. ताई म्हणत, "पाटी रंगवू द्या त्याइले. आपण लेकरं पाहू."

पंचाहत्तरीनिमित्त आम्ही ताईंची गूळतुला करणार आहोत. गूळ अंगणवाड्यांत वाटायचा. ताई नाहीच म्हणत होत्या. शेवटी एका अटीवर तयार झाल्या: "मानाची शाल काढूनच बसीन. वजन खरं झालं पाह्यजे."

तराजू पाहणार आहे सविता. तीच आता आमच्या गावची सेविका आहे, आणि वैशाखातला तो किस्सा तिला तोंडपाठ आहे. परवा मला म्हणाली, "मावशी, ताई लयच वाळल्या वो. मी तं त्याइले स्वेटरसकट बसवतो."

ताई, तुम्हाला उदंड आयुष्य आणि ठणठणीत प्रकृती लाभो. पण वजन कमी भरलं तर सांगून ठेवते, दर गुरुवारी आम्ही दोघी खिचडीचा डबा घेऊन तुमच्या दारात उभ्या राहू.