एका शेंगदाण्याला गेलेली ताकद

कॉलेज रोडवरचा एक कॅफे बंद पडला तेव्हा त्याचं सगळं सामान मी एकरकमी उचललं. टेबलं, खुर्च्या, कॉफीचं मशीन आणि बैठ्या खेळांचे तीन खोके. खोक्यांना गिऱ्हाईक मिळेना. जी वस्तू मला समजत नाही तिचा भाव मी सांगत नाही, म्हणून एकेक खेळ उघडून वाचत बसलो. त्यात एक पातळ पुस्तिका निघाली. या खेळाला पट नव्हता, सोंगट्या नव्हत्या. दोन-चार जणांनी एकेक सुपरहिरो व्हायचं आणि एकाने गोष्ट सांगायची. आपला हिरो काय करतो ते खेळणारा सांगणार, ते जमलं की नाही ते फासे ठरवणार, आणि बाकीचं जग, म्हणजे गर्दी, पोलीस, खलनायक, गोष्ट सांगणाऱ्याच्या तोंडून बोलणार. एका बैठकीत सगळं संपतं. वाचता वाचताच कळलं की गोष्ट सांगण्याची जागा माझी आहे. घेणाऱ्यासमोर विकणाऱ्याचा आवाज काढायचा आणि विकणाऱ्यासमोर घेणाऱ्याचा, यावरच मी उभा राहिलो आहे. बापाने मला काही ठेवलं नव्हतं.

पण मित्रांना बोलावलं ते खेळासाठी नव्हे. मला एका माणसाला बाकीच्यांसमोर बोलतं करायचं होतं.

हा माणूस माझा जुना भागीदार. आयटीआयला आम्ही एका बाकावर होतो. सातपूरला जुन्या मशीनचा धंदा दोघांनी मिळून काढला. बंद पडलेल्या वर्कशॉपमधून लेथ, ड्रिल, प्रेस उचलायच्या आणि साफसूफ करून विकायच्या. मी भाव करायचो, मशीन तो ओळखायचा. आठ वर्षांपूर्वी आम्ही विकलेल्या एका पॉवर प्रेसवर, म्हणजे पत्रा कापायच्या मशीनवर, काम करताना एका बाईची चार बोटं गेली. मशीन 'जसं आहे तसं' विकलेलं होतं. घेणाऱ्याने चालवून बघितलं होतं, पावतीवर त्याची सही होती. माझ्या दारात कोणीही आलं नाही. पण त्याच आठवड्यात भागीदार दुकानात आला, गिऱ्हाइकं बसलेली असताना स्टुलावर चढला आणि पाटीवरचं स्वतःचं नाव पत्र्याच्या तुकड्याने खरवडून काढलं. का, ते बोलला नाही. मनमाडला रेल्वेच्या एका ठेकेदाराकडे नोकरीला लागला. त्याच्या गप्प राहण्यातून लोकांनी काढायचा तो अर्थ काढला. शिवी दिली असती तर मी दोन दिल्या असत्या आणि विषय मिटला असता. गप्प माणसाशी भांडायचं कसं? हा राग मी आठ वर्षं सांभाळला.

आणि आता त्याच बनावटीची, तेवढीच जुनी दुसरी प्रेस माझ्या गोदामात ताडपत्रीखाली उभी होती. सोमवारी सिन्नरचा एक जण ती न्यायला येणार होता.

शनिवारी आमच्याकडे कारखाने बंद असतात, म्हणून दुपारची वेळ धरली. एरवी त्या भागात कानावर सतत मशीनचा आवाज असतो. त्या दिवशी गोदामाचा तापलेला पत्रा मधूनच तडतडायचा, तेवढंच. आयटीआयच्या वेळेपासूनचे दोन मित्र आले. एक देवळ्याचा कांद्याचा व्यापारी, दुसरा मास्तर, शाळेतून परस्पर आलेला. भागीदार शेवटी आला. त्याने गोदामभर नजर फिरवली, ताडपत्रीपाशी ती थांबली. नुसत्या आकारावरून मशीन ओळखणारा माणूस तो. खुर्ची ओढून बसला, प्रेसकडे तोंड करून.

माझा बेत साधा होता. मी तीन हिरो कागदावर लिहून आणले होते. पहिला पोलादी अंगाचा. दुसरा वाऱ्याच्या वेगाने पळणारा, पण मागच्या लढाईत साथीदारांना सोडून पळालेला. तिसऱ्याने डोळ्यांत बघून प्रश्न विचारला की समोरच्याला खरं तेच बोलावं लागे. पळपुटा भागीदाराला द्यायचा आणि खरं वदवणारा मास्तरला. मास्तर भोळा, खेळाच्या ओघात तो विचारणारच, 'का रे बाबा पळालास?' मग बघू, म्हटलं, कसा गप्प राहतो.

कागद वाटायला घेतले तर कांदेवाला म्हणाला, "वाटतो काय रे? प्रसाद आहे का? लिलाव कर."

इथे माझं चुकलं. लिलाव म्हटल्यावर मला राहवत नाही. प्रत्येकापुढे दहा-दहा शेंगदाणे मोजून ठेवले आणि बोली लावायला सांगितलं. पळपुट्यावर कांदेवाल्याने एका दमात आठ लावले.

"अरे, तो पळून गेलेला आहे," मी म्हटलं.

"मग? भाव पडला की आम्हीपण पळतोच ना!"

पोलादी हिरो मास्तरने सहाला घेतला, कारण चार शेंगदाणे तो खाऊन बसला होता. उरला खरं वदवणारा.

कांदेवाल्याने हात झटकले. "नको रे बाप्पा. मना धंदा बंद पडी जाई!"

भागीदाराने एक शेंगदाणा बोटाने पुढे सरकवला. "एक."

"एक काय, एक? कोणीतरी दोन म्हणा!"

"शेठ," मास्तर म्हणाला, "स्वतःच्याच मालावर बोली चढवायची नसते. आणि उरलाय कोण घ्यायला?"

मी तिथेच कागद परत घेऊ शकलो असतो. पण पुकारलेला लिलाव मी आजवर मोडलेला नाही. एक वार, दोन वार, तीन वार. भागीदाराने कागद उचलला आणि बारकाईने वाचला, मशीनवरची कंपनीची पट्टी वाचायचा तसा.

गोष्ट अशी होती. शहरात जत्रा भरली आहे. आकाशपाळणा सुरू झाला आहे आणि थांबतच नाही. दर फेरीला वेग वाढतो, वरच्या खुर्च्यांत माणसं अडकली आहेत. जत्रेच्या कमानीवर पाळण्याचा मालक उभा आहे, तोच खलनायक. त्याने हा पाळणा दुसरीकडून जुना उचलून आणला आहे. हे मी मुद्दाम जुळवलं नव्हतं. ज्याचा आवाज मला काढता येतो तोच माणूस गोष्टीत आला.

पहिल्या दोन फेऱ्या धमाल झाल्या. मास्तरने पोलादी खांदा पाळण्याच्या खांबाला लावला आणि फासे टाकताना खरोखर दात-ओठ खाल्ले. कांदेवाला पळत पळत माणसं उतरवत होता. मध्येच त्याला आपला हिरो कुठे आहे तेच कळेना. "मना हिरो कोठे शे?" म्हणून ओरडला. मी सांगितलं, भेळेच्या गाडीमागे. "मग आधी भेळ!" तो म्हणाला.

भागीदाराची पाळी आली. तो म्हणाला, "माझा हिरो कमानीवर जातो. मालकासमोर उभा राहतो."

"आणि?"

"विचारतो." त्याने माझ्याकडे बघितलं. "पाळणा लावला तेव्हा तुला माहीत होतं का, की त्याचा ब्रेक धरत नाही?"

पत्रा तडतडला. मास्तर पुढे वाकला. आता फासे मी टाकायचे होते, खलनायकाच्या वतीने. मी पुढे फाईल उभी करून आडोसा केला होता. तसा नियमच आहे. सात किंवा जास्त पडले तर तो उत्तर टाळू शकणार होता. एक आणि दोन पडले. कोणाला दिसले नव्हते. मी नऊ म्हणू शकलो असतो, आणि धंद्यात याहून मोठं खोटं मी जेवता जेवता बोललो आहे. पण भागीदार फाईलकडे बघतच नव्हता, माझ्या तोंडाकडे बघत होता, आणि माझ्या तोंडून खलनायकाच्या आवाजात निघालं, "माहीत होतं. चाचणी घेताना एकदा झालं. ब्रेक लावला होता, तरी एक फेरा जास्त मारला. एकदाच. म्हणून हिशेबात धरलं नाही."

"सापडला!" मास्तरने टेबलावर हात आपटला. कांदेवाल्याने शिट्टी मारली.

आठ वर्षांपूर्वीच्या त्या प्रेसचं असंच झालं होतं. मी एकटाच चालवून बघत होतो. पायपट्टीवरून पाय काढला होता, तरी ती दुसऱ्यांदा खाली आली. मग वीस वेळा चालवली, नीट चालली. भागीदाराला मी ते सांगितलं नाही. त्याला कसं कळलं ते मला आजही माहीत नाही. अपघातानंतर मशीन उघडलेलं बघून कळलं असेल.

भागीदार म्हणाला, "आणि आज जे उभं आहे, त्याचं?"

"दुसरा पाळणा कुठून आला?" मास्तरने विचारलं. "एकच आहे ना?"

"एका फेरीत एकच प्रश्न," मी म्हटलं. "नियम आहे." पुस्तिकेत असा काही नियम नव्हता. माझा आवाज चढला होता आणि तो खलनायकाचा राहिला नव्हता. "चला, पुढची फेरी! सगळ्यात वरची खुर्ची एका बोल्टवर लोंबकळतेय. आत एक बाई आहे."

बाई का म्हणालो, देव जाणे. भागीदाराच्या हातात फासे होते. प्रश्न विचारायचा तर बाई पडणार, हे मी आणि तो दोघेही समजून होतो. तो बराच वेळ फासे हलवत राहिला.

"बाईला धरतो," तो म्हणाला.

अकरा पडले. बाई वाचली, पुढच्या फेरीत मास्तरने पाळणा थांबवला, हिरो जिंकले. दोघं खूश होऊन निघाले. कांदेवाला जाताना म्हणाला, "लय भारी. पुढच्या वेळी मी खलनायक. तुझ्यासारखा नाय जमणार, पण बघू." मी हसलो.

भागीदार ताडपत्रीपाशी उभा होता. ती त्याने वर केली नाही. "चालवून बघितलीस?"

"बघितली."

"उघडून?"

"नाही."

"घेणाऱ्याला सांग. तेवढंच."

माझं डोकं फिरलं. "आणि तू भर दुकानात नाव खरवडून गेलास त्याचं काय? का गेलास ते आठ वर्षांत एकदा तरी बोललास?"

"मघाशी तूच बोललास की," तो म्हणाला. "त्या दोघांसमोर." आणि मनमाडची गाडी गाठायला निघून गेला.

सोमवारी सिन्नरवाला आला. मी त्याला सगळं सांगितलं. हे लिहितो कारण खरं आहे. म्हटलं, याच्या जोडीच्या मशीनने माणूस पाय काढून मोकळा झाल्यावर पुन्हा एकदा मारलं होतं, एका बाईची बोटं गेली. हेही मारू शकेल. ठोका अडवतो तो क्लच उघडून दुरुस्त करा, पुढे जाळी बसवा, मगच माणूस बसवा.

तो शांतपणे ऐकत होता. मग म्हणाला, "म्हणजे खर्च आहे. तो कोणी सोसायचा, शेठ?"

"तुम्ही."

"दोष तुम्ही सांगताय आणि सोसायचा मी? मग भाव खाली घ्या."

इथे मी ताडपत्री ओढून 'मशीन विकायचं नाही' म्हणायला हवं होतं. पण कोणी भाव पाडायला लागला की माझ्या अंगात काहीतरी उठतं. मी एक आकडा सोडला, तो दुसऱ्यावर अडला. चहा झाला. मी ओरडलो, तो उठून फाटकापर्यंत गेला, मी परत बोलावलं. शेवटी त्याच्या आकड्याजवळ सौदा ठरला. साखळी लावून मशीन ट्रकवर चढवलं. दुरुस्ती इथेच करून मग देतो, हे वाक्य मला ट्रक गेल्यावर सुचलं असं म्हणणं सोपं आहे. ते आधीच सुचलं होतं. पण तोवर सौदा रंगात आला होता.

रात्रीपर्यंत न थांबता मीच भागीदाराला फोन केला. "सांगितलं त्याला. शब्दन् शब्द सांगितलं."

"मग? ठेवलंस ना मशीन?"

"सांगून दिलं."

पलीकडून मनमाड स्टेशनच्या घोषणा ऐकू येत होत्या. "दिलंस," तो म्हणाला, आणि फोन बंद झाला. मी खरं बोललो त्याचं काहीच नाही! पण तेव्हापासून तो माझा फोन उचलत नाही.

सिन्नरवाला मात्र उचलतो. दर आठवड्याला मी त्याला विचारतो, क्लच उघडला का? तो हसतो. "उघडू हो शेठ. एवढी ऑर्डर निघू द्या." त्याच्या बोलण्यामागे प्रेस चालू असते. एक ठोका, मध्ये थोडी जागा, पुन्हा ठोका. तो हवापाण्याचं, भावाचं काहीबाही बोलत राहतो. मी हो-हो म्हणत फोन कानाला दाबून धरतो आणि दोन ठोक्यांमधली जागा ऐकत राहतो.