पूर्वा फाल्गुनीखालची तिसरी दीर्घिका

माणदेशात दीर्घिका बघायला जायचं ठरवलं, तेव्हा दीर्घिका म्हणजे काय हे मला धड माहीत नव्हतं. सत्तरच्या दशकातली ही गोष्ट. मोठा दुष्काळ सरून तीनेक वर्षं झाली होती, आणि आमचे हे जाऊन चार.

हे शाळेत शास्त्र शिकवायचे. बदलीवर दहिवडीच्या बाजूला एका खेड्यात असताना तिथल्या शिवराम गुरुजींबरोबर त्यांनी काचेवर काच घासून दुर्बिणीचा आरसा बनवला होता. मी इकडे आष्ट्याला शेत आणि सासूसासरे सांभाळत होते. दुर्बीण गुरुजींकडे राहिली, माझ्याकडे यांची वही आली. त्यात एका पानावर तीन ठिपके. दोन पेन्सिलीने भरलेले, तिसऱ्याची नुसती तुटक रेघांची गोल कड. खाली एक अक्षर नाही. यांची पुस्तकं वाचून वाचून मला इतकं कळलं, की या तीन दीर्घिका, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारख्याच दूरच्या दुसऱ्या. पण तुटक रेघा का? तिसरी यांना दिसली होती की नव्हती? एवढं एक मला हवं होतं.

त्या फाल्गुनात गुरुजींचं कार्ड आलं. ‘पाडव्याला आम्ही कायमचे पुण्याला मुलाकडे जातो. दुर्बीण इथल्या तालुक्याच्या शाळेला देणार. बघायचं असेल तर त्याआधी या. पूर्वा फाल्गुनीपाशी बघायचं आहे.’

मी पंचांग काढलं. पूर्वा फाल्गुनी नक्षत्र नेमकं होळीच्या दिवशी होतं. मी तोच दिवस धरला.

दीर म्हणाले, “सणाचं घर सोडून कुठं निघाला वयनी? लोकं काय म्हनतील?”

“दोन दिवसांत येते,” म्हणाले आणि निघाले.

आष्ट्याहून सकाळची एसटी धरून सांगली. सांगलीच्या स्टँडवर उतरलं की पेठेतल्या हळदीचा वास नाकात बसतो, तो तासगाव येईपर्यंत जात नाही. पुढे विटा, तिथे गाडी बदलायची. तुम्ही जाणार असाल तर विट्यालाच पोटभर खाऊन घ्या, मायणीच्या पुढे तेव्हा चहाशिवाय काही मिळत नव्हतं. मी भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून नेली होती. विट्यानंतर ऊस संपला. माळ, बाभळी, दूरवर मेंढरं. रस्त्याची खडी दुष्काळात बायकांनीच फोडलेली होती. शेजारी बसलेल्या बाई खिडकीतून बोट दाखवून म्हणाल्या, “ह्यो तुकडा आमचा. लय घाम गेलाय हितं.” मी खडीकडे बघत राहिले. एवढ्या दगडांत आपला तुकडा ओळखायचा कसा, ते मला समजेना.

दुपार कलताना पोचले. गुरुजींच्या बायको शेवंताबाईंनी पाय धुवायला पाणी दिलं. गुरुजींनी मात्र कपाळावर हात मारला.

“आवं वहिनी, आजच कशाला आला?”

“आज पूर्वा आहे ना. पंचांगात बघूनच आले.”

“पंचांगात पूर्वा म्हंजी आज चंद्र पूर्वात! त्यात पुनव. कंदील टांगलाय तिथंच काजवा हुडकनार काय?”

शेवंताबाई हसत म्हणाल्या, “हसू नगासा. तुमीबी पयल्या साली असंच केलं हुतं.”

अंधार पडल्यावर मी स्वतः बघितलं. होळीच्या धुराच्या वर चंद्र, आणि त्याच्या उजेडात पूर्वाचे दोन तारेसुद्धा धड दिसेनात. मुहूर्त पाळून मी नेमकी चुकीच्या दिवशी आले होते.

“चार-पाच दिस थांबा,” गुरुजी म्हणाले. “चंद्र रोज उशिरा उगवतो. पंचमीला जेवणं झाल्यावरबी तास-दीड तास चांगला अंधार घावंल.”

माझ्याकडे एकच जादाचं लुगडं होतं, आणि दिरांना दोन दिवस सांगितले होते. कार्ड टाकलं असतं तर माझ्यामागूनच पोचलं असतं. रात्रभर काही सुचेना. सकाळी शेवंताबाईंच्या समोर जातं ओढायला बसले, तेव्हा थांबणार का, हे त्यांनी विचारलंच नाही. मी थांबले. कुणाला न विचारता कुठे राहायची ही माझी पहिलीच वेळ.

त्या दिवसांत गुरुजी इतिहास सांगायचे. दोनेकशे वर्षांपूर्वी पॅरिसमधला एक माणूस धूमकेतू शोधायचा. धूमकेतूसारखे दिसणारे पुसट डाग फसवतात, म्हणून त्यांची त्याने यादी केली. आपल्या या तिघींतल्या दोन दीर्घिका त्या यादीत आहेत. गंमत अशी, की काही वर्षं आधी एक धूमकेतू त्या दोघींच्या जवळून गेला होता, त्यावर याची नजर होती, तरी त्या दिसल्या नाहीत. तिसरी तर यादीत आलीच नाही. ती पुढे इंग्लंडात सापडली, स्वतः आरसे घासणाऱ्या एका गाणंबजावणं करणाऱ्याला. तो बघून सांगायचा आणि बहीण लिहून घ्यायची.

“म्हणजे डोळ्यांसमोर असून दिसत नाही?” मी विचारलं.

“व्हय. आन तो उजेड निघाल्याला साडेतीन कोटी वर्सं झाली.”

साडेतीन कोटी मी सोबत आणलेल्या यांच्या वहीत आकड्यात लिहून पाहिले. आकडा लिहिता आला, कळला काहीच नाही.

पंचमीला जेवणं लवकर उरकली. शेवंताबाईंनी कंदील आत नेऊन दार लोटलं. लाकडी चौकोनी नळी, तळाला आरसा, डोळा लावायचा तो वर बाजूला. मी स्टुलावर उभी राहिले. आधी माझी पापणीच दिसली. मग काळोख. मग भिंतीला पिठाचा हात लागावा तसे दोन पुसट डाग.

“दोन दिसतात. तिसरी कुठे?”

“सांगत न्हाई, सांगितलं की भास हुतो. थेट बघू नगा, जरा कडंला बघा.”

कडेला बघितलं की काहीतरी यायचं, वळून बघितलं की जायचं. किती वेळ गेला कोण जाणे. मग ते थोडं टिकलं.

“गुरुजी, लांबट आहे. राखेची बारीक रेघ ओढावी तशी.”

गुरुजी आत गेले, पुस्तक घेऊन आले, दाराच्या फटीतल्या उजेडात वाचलं. “लांब, बारीक, ताटली कडेनं दिसावी तशी,” म्हणाले. “दिसली तुमास्नी. मला आजपतुर कवा धड दिसली न्हाई.”

“आणि यांना?”

“त्येच तर. कवा म्हनायचा दिसली, कवा म्हनायचा भास झाला. म्हनून तुटक रेघा. म्हनायचा, बायकोला आनतो, तिची नजर लय चांगली.”

हे मला ठाऊक नव्हतं. एका सुट्टीत हे म्हणाले होते खरे, “येतेस का चार दिवस तिकडे?” मला वाटलं, जेवणाचे हाल होत असतील. उसाची लागण आहे, असं मी सांगितलं. यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने परतले. माणात जायचं असेल तर अमावास्येच्या जवळपास जा, पंचांग उघडाच, पण नक्षत्र नको, तिथी बघा.

घरी दीर ओट्यावरच होते. “पाच-सा दिस काय बघितलं?”

“दोन दीर्घिका नक्की. आणि एक अवघड होती, तीही.”

मी चूल पेटवली.

तिसरी आहे आणि ती लांबट आहे, हे आता मला माहीत आहे. पण यांनी गोल काढली होती. म्हणजे यांना दिसली ती हीच, की तो खरंच भास होता? मला दिसली म्हणून यांना दिसली असं होत नाही. ज्यासाठी गेले ते कळलं नाहीच. यांना सगळं माहीत असतं असं मी उभा संसार समजत होते, आणि यांना तर तिसरी खरंच दिसते का, ते माझ्याकडूनच जाणून घ्यायचं होतं.