वहिनीच्या अंगणातल्या परक्या कोंबड्या

आमच्या वहिनीइतकी हट्टी बाई अख्ख्या गडचिरोली जिल्ह्यात दुसरी निघाली, तर मी मिशी उतरवून देईन. ती गावची आशाताई, म्हणजे बाळंतपणं आणि औषधगोळ्या बघणारी सरकारी आरोग्य कार्यकर्ती. बाईमाणूस भेटलं की नमस्कार नाही, चहापाणी नाही. आधी तिची खालची पापणी ओढून अंगात रक्त किती ते बघणार. माझ्यासाठी मुलगी पाहायला गेलो, तेव्हा मुलगी पोह्यांच्या बशा घेऊन वाकली आणि वहिनीने सगळ्यांदेखत तिची पापणी ओढली. "रक्त कमी हाये," तिने निकाल दिला, "पण पोरगी चांगली हाये. करून टाका." मी लाजेने अर्धा झालो. ती मुलगी आज माझी बायको आहे, आणि मी नोकरीला आहे त्या वीज केंद्राच्या ऊर्जानगर वसाहतीतल्या क्वार्टरमध्ये ती अजूनही वहिनीने पाठवलेल्या लोहाच्या गोळ्या निमूट गिळते.

पण वहिनीचं खरं वेड पाहायचं तर पावसाळ्यात गावी जावं. नाला भरला की आमचं गाव आठ-आठ दिवस तुटतं. म्हणून दिवस भरत आलेल्या बायांनी आधीच पलीकडे आरोग्य केंद्राजवळच्या सरकारी माहेरघरात जाऊन राहायचं, अशी सोय आहे. जेवण, औषध, नर्सबाई, सगळं हाताशी. पण बाया जातील तर शपथ! "माह्या कोंबड्या कोण पाहीन?" हा त्यांचा पहिला सवाल. सरकारी पत्रकात याला उत्तर नव्हतं, वहिनीकडे होतं. "कोंबड्या माह्या घरी सोड अन् तू निंघ." तेव्हापासून दर पावसाळ्यात आमचं अंगण परक्या कोंबड्यांनी भरतं, कोणाची कोणती ते कळावं म्हणून पायाला रंगीत चिंध्या. माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, एका हातात काठी घेऊन जेवतो. "एखादी कापली तर कोणाले समजते?" असं तो एकदा बोलून गेला. वहिनी दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही.

हा हट्ट कुठून आला ते गावाला ठाऊक आहे. तिचं पहिलं बाळंतपण नाल्याकाठी झालं. दादाने आणि आम्ही तिघांनी तिला खाटेवर घालून नेलं होतं. पाणी उतरायची वाट पाहत बसलो होतो. मूल झालं, पण रडलं नाही. त्याबद्दल वहिनी आजवर एक शब्द बोललेली नाही, आणि आमचीही कधी विचारायची छाती झाली नाही.

गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सुनंदाचे दिवस भरत आले. तिचंही पहिलं पोर असंच वाटेत गेलेलं, तरी ती जायला तयार होईना. नवरा कामाला परगावी. कोंबड्यांची सोय झाल्यावर म्हणाली, "अन् माह्या आंधळ्या सासूले कोण पाहीन? तिले काऊन एकटी टाकू?" संध्याकाळी वहिनी त्या म्हातारीचा हात धरून तिला सरळ आमच्या घरी घेऊन आली. सुनंदा गेली आणि चौथ्या दिवशी नाला भरला.

मी सुट्टीवर आलो होतो, अडकलो. म्हातारीने आमचा जीव खाल्ला. भाजी खारट, खाट टोचते, कोंबड्या झोपू देत नाहीत. वहिनी सगळं ऐकून घ्यायची आणि दिवसातून चारदा नाल्याकडे जायची. फोन लागत नव्हता. "आतापर्यंत व्हाले पायजे होतं, भाऊजी," एवढंच म्हणायची. त्या आठवड्यात तिने कोणाचीच पापणी ओढली नाही, तेव्हा मात्र मला भीती वाटली.

पाणी उतरलं त्या सकाळी आरोग्य केंद्राचा शिपाई चिखल तुडवत आला. "सुनंदाबाई मोकळी झाली," तो दारातूनच म्हणाला.

"पोरगा का पोरगी?" म्हातारीने आतून विचारलं.

"पोरगी."

वहिनीने त्याचा दंडच धरला. "रडली काय? निंघाल्याबरोबर रडली काय?"

"रडली म्हणता? सारा दवाखाना डोक्यावर घेतला होता, बाई! अजून रडूनच राह्यली."

वहिनी मटकन ओसरीवर बसली. दादाने तोंड फिरवलं. मग ती शिपायाला म्हणाली, "रडू द्या तिले. कोणी गप करू नका."